भात बंद, भाकरी चालू

५ जानेवारी २००४, सोमवार

आजपासून माझा स्वतंत्र व्यवसाय सुरू झाला. डॉ. बांगरांनी मुरबाडच्या आपल्या दवाखान्याची मागची खोली औषधांची खोकी हलवून मला दिली आहे. टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा आणि भिंतीवर भाज्या-फळांचा तक्ता. सकाळी सोलापूरहून आईचा फोन आला. "म्हणजे तू डॉक्टर झालीस का?" नाही म्हटलं. "मग नर्स?" तेही नाही. "मग लोक तुझ्याकडे कशाला येतील?" प्रश्न रास्त आहे.

दुपारी बोर्ड लागला. पेंटरने 'आहार सल्ला केंद्र'च्या जागी 'आहेर सल्ला केंद्र' असं रंगवलं होतं. माझ्या लक्षात येईपर्यंत एक गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आत येऊन बसलेही होते. साडूच्या मुलीचं लग्न आहे, भांडं द्यावं की साडी? मी त्यांना आहारशास्त्र म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक हाय, पन साडी बरी का?" मी म्हटलं, साडी बरी. दिवसभरातला हा एकच सल्ला.

८ जानेवारी

बोर्ड दुरुस्त झाला. डॉक्टरांनी आतापर्यंत पाच जण पाठवले, सगळे साखरेचे. पाचही जणांनी माझं बोलणं संपल्यावर हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन. ते गोळ्या मागत होते.

शेवटी कंपाउंडर नथूभाऊंनी मला बाजूला घेतलं. बांगरांच्या वडिलांच्या काळापासून ते इथे आहेत आणि अर्धा तालुका त्यांनाच डॉक्टर समजतो. "म्याडम, पथ्य म्हंजे गोळीच्या मागनं येतं. गोळी नाय नि नुसतं पथ्य, हे लोकांना पटत नाय. तुमी एक करा. लाल औषध ठेवा. नुसतं गोड पाणी."

"साखरेच्या रोग्याला गोड पाणी?"

नथूभाऊंनी विचार केला. "मग हिरवं ठेवा."

मी ठाम नकार दिला. त्याऐवजी आता प्रत्येकाला चिठ्ठी लिहून देणार आहे, मोठ्या अक्षरात, कमीत कमी शब्दांत. सोप्या भाषेला तोड नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आजची केस महत्त्वाची. हिराबाई, वय साठ-बासष्ट, गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेचा, जनीचा, खांदा धरून आल्या. माझ्याऐवजी वजनकाट्याला नमस्कार केला.

१४ मार्चला मुरबाडात डोळ्यांचं शिबिर आहे. सर्जनने सांगितलंय की उपाशीपोटी साखर दीडशेच्या आत आली तरच एका डोळ्याचं ऑपरेशन, नाहीतर पुढचं शिबिर थेट दिवाळीनंतर. आजची साखर २१२.

बाईंना दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. एप्रिल-मेमध्ये त्या डोंगरातून करवंदं काढून एसटी स्टँडवर विकायला बसतात. चाळीस वर्षं बसतात. गेल्या वर्षी पिकलं-कच्चं दिसेना, हात काट्यांनी भरले आणि पाटीत निम्मी हिरवी निघाली. "गिऱ्हाईक हसलं गो बाय. 'म्हातारे, लोणच्याची आणलीस काय?' बोललं. औंदा तसं बसायची नाय मी. बसली तर डोळ्यानं बघून बसंन, नायतर घरात बसंन."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळी वाढवली की तिला चक्कर येते. मी काही वाढवणार नाही. तेव्हा उरलेलं तुमच्या हातात. आणि खरं सांगू का, एप्रिलपासून ही खोली दातांचे एक डॉक्टर मागतायत. हिला बरं करून दाखवा, म्हणजे मला त्यांना सांगायला काहीतरी होईल."

मी बाईंना विचारलं, भात किती खाता? "जेवते तेवढा." म्हणजे किती? "पोट भरंस्तवर. भाताबिगर जेवण कसलं?"

मी म्हटलं, "भात बंद." खोलीत सुतक आल्यासारखं झालं. जनीने हळूच विचारलं, "म्हंजे आमच्या आय आता जेवायच्याच नाय?"

"जेवायचं. पण भाकरी खायची."

मग हिराबाई म्हणाल्या, "भाकरी चालंल?"

"चालेल काय, भाकरीच खा. दोन्ही वेळेला दोन-दोन."

"कालवणाबरोबर?"

"कालवणाबरोबर, भाजीबरोबर, कशाबरोबरही."

हिराबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मंग काय गो! मी उगाच घाबरली."

चिठ्ठी दिली: 'भात बंद. भाकरी घ्यावी.' कॉलेजात शिकवलं होतं की माणसाचं मुख्य अन्न बदलणं सर्वात अवघड. मला दहा मिनिटं लागली.

२० जानेवारी

सगळ्याच रोग्यांना भाकरीचा सल्ला आवडतोय. एकानेही कुरकुर केली नाही. हे लोक किती समजूतदार आहेत!

संध्याकाळी गिरणीत गेले. गिरणीवाला कान्हाशेठ हात जोडून म्हणाला, "म्याडम, तुमच्यामुळं भाकरीचं दळण वाढलं बगा." माझ्या कामाची ही पहिली पावती. फक्त एक खटकलं. त्याने आमच्या ज्वारीचा डबा नेहमीसारखा सगळ्यात शेवटी ठेवला. विचारलं तर म्हणाला, "तुमची जवारी आधी टाकली तर पाठच्या सगळ्यांचं पीठ काळं पडतंय. शिव्या मी खायच्या का?" इतकी ओळख झाली तरी परक्या गावच्या माणसाला शेवटचाच नंबर. असो.

२७ जानेवारी

मुंबईच्या आमच्या संघटनेकडून छापील फॉर्म आलाय. खाजगी व्यवसाय करणाऱ्या आहारतज्ज्ञांची पाहणी चालू आहे. प्रामाणिकपणे भरला.

'आपल्या तालुक्यातील खाजगी आहारतज्ज्ञांची संख्या': एक. 'त्यांपैकी स्त्रिया': एक. 'शेजारच्या तालुक्यातील संख्या': शहापूरला चौकशी केली. शेणव्याला एक बाई आहेत असं कळलं होतं, पण त्या बालवाडीत खिचडी करतात. शून्य लिहिलं. 'व्यवसायातील स्पर्धा': बाजाराच्या दिवशी कारल्याची पावडर विकणारे एक, आणि नथूभाऊ. 'आपणास सहकाऱ्यांशी विचारविनिमय करण्याची संधी मिळते का?' मी नवऱ्याशी, ज्ञानेश्वरशी, जेवताना बोलते. तो कारखान्यात मशीन बघतो, तेव्हा 'मर्यादित' असं लिहिलं.

आमच्या वर्गात चौदा जणी होतो. अकरा जणी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ताटं मोजतात, दोघी संसारात आहेत, आणि मी 'खाजगी क्षेत्रात'. हे लिहिताना छाती जरा फुगली.

२ फेब्रुवारी, सोमवार

हिराबाईंची साखर २३१.

वाढली! रिपोर्ट दोनदा वाचला. लॅबवाल्याला नाव तपासायला लावलं. तिचाच.

"हिराबाई, भात खाता का?"

"नाय."

"थोडासुद्धा?"

"शीत नाय घातलं तोंडात. ईचार हिला."

जनी म्हणाली, "खरंच नाय खात म्याडम. पोरं भात खात्यात तवा आय तोंड फिरवून बसतात. नुसती भाकरी. मऊ पायजे म्हनून मी गरमच करून देते."

दोघींचे चेहरे सरळ होते. पण साखर काही हवेतून येत नाही. चहा? बिनसाखरेचा. गूळ? नाही. कुणाकडे पूजा, बारसं? नाही. मी वहीत लिहिलं: 'रुग्ण सहकार्य करत असल्याचे सांगते.' 'सांगते'खाली रेघ मारली.

९ फेब्रुवारी

बाकीच्यांपैकी चौघांचे रिपोर्ट आले. दोघांची वाढलेली, एकाची तेवढीच. एकाची खाली आलीय, पण तो म्हणे पंधरा दिवस दातदुखीने काही खाऊच शकला नाही. दातांच्या डॉक्टरची या खोलीला खरी गरज आहे की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

ज्ञानेश्वरला जेवताना सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फसवत असतील. कोण सोडतं गं भात?" मग विषय बदलला. "आमच्या कॅन्टीनमध्ये भाकरी काय पांढरीफेक मिळते! आणि इतकी मऊ की दातांना कामच नाही. तुझी जरा तशी करून बघ ना." मी म्हटलं, कॅन्टीनवाल्यांना पीठ मळायला माणसं ठेवलेली असतात, मला नाहीत. यावरून थोडं वाजलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

२३८. शिबिराला चार आठवडेसुद्धा उरले नाहीत.

आज माझा तोल गेला. म्हटलं, "हिराबाई, मी तुमच्या भल्यासाठी बसलेय. चोरून खाऊन तुम्ही मला फसवत नाही, स्वतःच्या डोळ्यांना फसवताय."

त्या उठल्या. जनीचा खांदाही न धरता उठल्या आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटल्या. "चोरून? मी? आंधळी हाय, खोटारडी नाय मी. तू बोललीस भात बंद, मी बंद केला. बारा महिने जेवनारी बाय, महिना झाला जेवली नाय. तुज्या एका शब्दावर. चल गो जने."

दारात त्यांनी वजनकाट्यालाच पाठ दाखवली. त्यांना वाटलं ती मी आहे. हसू यायला हवं होतं.

नथूभाऊ म्हणाले, "म्याडम, म्हातारी खोटं बोलणारी नाय. चाळीस वर्सं वळखतो." मी विचारलं, मग साखर कशी वाढते? ते म्हणाले, "सांगत होतो, हिरवं औषध ठेवा."

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर उद्या मी स्वतःशीही खोटं बोलेन.

सकाळी जीपने हिराबाईंच्या गावी गेले. माफी मागायला असं स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे भाताचा टोप पकडायला. न सांगता, बरोबर जेवणाच्या वेळेला. जीपमध्ये पंधरा माणसं आणि एक कोंबडा. सिद्धगड समोर उभा होता, पण मी गुन्ह्याच्या तपासावर असल्यामुळे तिकडे लक्ष नव्हतं.

चुलीपाशी जनी बसली होती. हिराबाई भिंतीला टेकून. "कोन गो?"

"मी, दवाखान्यातली."

"ये. बस," त्या म्हणाल्या. राग होता, पण दारात आलेल्या माणसाला बस म्हणायचंच असतं. "जने, बायला गरम भाकरी दे."

टोपात पाणी उकळत होतं. जनीने त्यात पीठ सोडलं, ढवळलं, परातीत काढून मळलं. पांढरंशुभ्र. मी इतकं पांढरं पीठ भाकरीला कधी पाहिलं नव्हतं. हातावर थापून तिने भाकरी तव्यावर टाकली, ती टम्म फुगली आणि मला भाताचा वास आला.

"हे कसलं पीठ?"

"भाकरीचं."

"हो, पण कशाचं?"

जनीने माझ्याकडे पाहिलं. "तांदळाचं. भाकरी आनि कशाची आसते?"

मी खाली बसले. तशी बसलेलीच होते, आणखी खाली बसले. "हिराबाई, मी भात बंद सांगितला होता."

"बंदच हाय."

"अहो पण ही तांदळाची!"

"मग? ही भाकरी हाय. भात भांड्यात शिजतो, भाकरी तव्यावर. तांदूळ बंद कवा बोललीस तू?"

जनीने देवाच्या फोटोमागे खोचलेली माझी चिठ्ठी काढून दिली. 'भात बंद. भाकरी घ्यावी.' मोठ्या अक्षरात, कमीत कमी शब्दांत. ज्वारीचा उल्लेख नाही. करणार तरी कसा? आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीला कुणी ज्वारीची म्हणत नाही, भाकरीच म्हणतात. बाजरीची असली तर तसं सांगावं लागतं. इथे हेच तांदळाचं आहे. चार महिने मुरबाडात राहून मी एकाही घरी जेवले नव्हते. वर कान्हाशेठच्या गिरणीत रोग्यांची दळणं वाढवून घेतली.

आणि 'दोन-दोन' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर माझी भाकरी होती. जनीच्या एका भाकरीत माझ्या दोन बसतील.

मी हिराबाईंचे पाय धरले. "चुकलं माझं. तुम्ही खरं बोलत होता."

"ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तू खा आदी. गार झाली तर चिवट होते."

खाल्ली. ज्ञानेश्वरचं म्हणणं खरं आहे. फार मऊ असते.

मग नाचणीचं बोलणं काढलं. "नागली व्हय?" हिराबाई म्हणाल्या. "हाय की माळ्यावर. वरकसात, डोंगराच्या उतारावर, होते थोडी. पन ती काळी भाकरी गो बाय. ल्हानपनी तीच खाल्ली, दुसरं नव्हतंच. तांदूळ सणाला दिसायचा. सासरी येऊन, शेत करून करून, रोजची पांढरी भाकरी झाली. आता तू बोलतेस परत काळी खा. शेजारीण येईल, काय म्हनंल? हिराबाईचं दिवस फिरलं?"

मी म्हटलं, "दार लावून खा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "करवंदं कवापासून पिकत्यात, म्हाईत हाय का तुला? एप्रिलाच्या सरतीला. किती खायची?"

"दीड. एका वेळेला दीड. कुळथाचं कालवण आणि पालेभाजी भरपूर."

"दीड? आनि राह्यलेली अर्धी?"

"जनीला."

"मना नको," जनी चटकन म्हणाली.

२५ फेब्रुवारी

सगळ्या रोग्यांना परत बोलावून नव्या चिठ्ठ्या दिल्या: 'तांदूळ बंद. भातही नाही, तांदळाची भाकरीही नाही. नागलीची भाकरी, हाताच्या पंजाएवढी, दीड.' चिठ्ठी लांबली. एकाने विचारलं, "आनि तांदळाचे पापड?" तेही घातले. दुसऱ्याने विचारलं, "घावणे?" चिठ्ठी पाठपोट भरली.

डॉक्टरांना चूक सांगितली. ते इतके हसले की बाहेरचे रोगी आत डोकावले. "अहो, मी इथलाच. मला वाटलं तुम्ही मुद्दामच भाकरी देताय, काहीतरी नवीन शास्त्र असेल. विचारायला लाज वाटली."

म्हणजे आम्ही दोघे शिकलेले दीड महिना एकमेकांना लाजत बसलो आणि साखर वाढली हिराबाईंची.

कान्हाशेठ रस्त्यात भेटला, हात जोडले नाहीत. "सगळे नागली आनायला लागले. आता काळं पीठ शेवटी ठेवू तरी कुनाचं?"

१ मार्च, सोमवार

१८४. मी रिपोर्ट घेऊन बाहेर पळत गेले आणि नथूभाऊंना दाखवला. ते म्हणाले, "औषधाशिवाय?" मी म्हटलं, औषधाशिवाय. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग बिनरंगाचं दिलंत?"

६ मार्च, शनिवार

आज होळी. गावोगाव पुरणपोळ्या. मी दिवसभर देवाचं नाव घेत होते, म्हणजे खरं तर हिराबाईंचं.

८ मार्च

जनी निरोप घेऊन आली. "आयनी अर्धी पोळी खाल्ली. तुमाला सांगून ये बोलल्या. लपवलं असं नको व्हायला."

मला रागवायचं होतं. म्हटलं, अर्धीच ना? "अर्धीच. राह्यलेली अर्धी मी खाल्ली," जनी म्हणाली. "ती चालते मना."

१२ मार्च, शुक्रवार

१४६.

लॅबवाल्याला पुन्हा नाव तपासायला लावलं. तिचंच. डॉक्टर म्हणाले, "दातवाल्यांना दुसरी जागा बघायला सांगतो." मी आभार मानले. खोलीत गेले, दार लावलं आणि वजनकाट्यावर उभी राहून थोडी रडले. दोन किलो वाढलेय.

१४ मार्च, रविवार

शिबिर. सर्जनने रिपोर्ट पाहून मान हलवली आणि हिराबाईंना आत घेतलं. उजवा डोळा. ऑपरेशन नीट झालं. दुसरा डोळा दिवाळीनंतर, तोही साखर राहिली तरच. पट्टीच्या डोळ्याने त्या मलाच धीर देत होत्या, "जा गो घरी, जेव जा."

२२ मार्च, सोमवार

आज हिराबाई आल्या. जनी दोन पावलं मागे, खांदा मोकळा. दारातून सरळ माझ्याकडे आल्या, वजनकाट्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मला खालून वर न्याहाळलं. "तू व्हय ती? मना वाटलं पन्नाशीची असशील. केवढी वरडलीस त्या दिवशी!" मग भिंतीवरचा तक्ता बघितला, खिडकीतून एसटी स्टँडचा कोपरा बघितला. तिथे बसायची जागा कुणी घेतली आहे का, ते बघून घेतलं. कुणी घेतलेली नव्हती.

दुपार झाली होती. मी म्हटलं, इथेच जेवा, मी डबा आणलाय. त्यांनी स्वतःचं फडकं सोडलं. दीड भाकरी, कुळथाचं कालवण.

त्या बघतच राहिल्या. "जने, हे काय?"

"भाकरी, आय."

"ही? महिनाभर ही खाल्ली मी? एवढी काळी?" त्या माझ्याकडे वळल्या. "म्हाईत होतं गो काळी असते. पन दिसत नव्हती तवर चालून गेलं. आता मना डोळे दिलेस नि बोलतेस ही बघत बघत खा. कशी खाऊ?"

शास्त्राप्रमाणे हा रुग्णाचा मूलभूत प्रश्न आहे आणि त्याला उत्तर असायला हवं. जनीने तोंडाला पदर लावला होता. नथूभाऊ दारात उभे होते आणि आता ते हिरव्या औषधाचं काढणार, असं मला वाटलं, पण तेही भाकरीकडेच बघत होते.

हिराबाईंनी भाकरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाल्या, "तो दुसरा अजून राह्यलाय ना? त्यात अजून धुकंच हाय."

आणि उजवा, नवा डोळा घट्ट मिटून त्यांनी तुकडा तोडला.